चिखलाची वही

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत मी प्राध्यापक म्हणून ओळखला जातो. त्यामुळे दहावीतल्या मुलांचे आईवडील गणित घेऊन येतात आणि मी प्राणिशास्त्राचा आहे म्हटलं की चेहरा पाडून परत जातात. एकदा कुणीतरी माझ्या बायकोला विचारलं, की मेच्या सुट्टीत सगळे मास्तर घरी असतात, मग तुमचे हे रोज डबा घेऊन कुठे जातात? ती म्हणाली, "मोठ्या माणसांना वही लिहायला शिकवायला." तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, माझ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन मलाही कधी जमलं नाही.

ऐंशीच्या दशकात आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत दर मे महिन्यात तीन आठवड्यांचा एक वर्ग भरायचा. नुकतेच कॉलेजांत शिकवायला लागलेले आणि पीएचडीसाठी नाव नोंदवलेले तरुण लेक्चरर अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, कुठून कुठून यायचे. बाहेरच्या माणसाला वाटतं, की एवढं एमएस्सी झालेल्या माणसाला संशोधन कसं करायचं ते माहीत असणारच. अजिबात नसतं. एमएस्सीपर्यंत प्रत्येक प्रयोगाचं उत्तर आधीच ठाऊक असतं आणि ते आलं नाही तर शेजाऱ्याचं बघून लिहितात. पीएचडीला शेजारी नसतो. गाइड विषय देतो, "वाच आणि ये" म्हणतो आणि आपल्या कामाला लागतो. मग ही मुलं दोन-दोन वर्षं नुसती फिरत राहायची.

आम्ही त्यांना अगदी साध्या गोष्टी शिकवायचो. परदेशातल्या शास्त्रज्ञाकडे त्याच्या लेखाची प्रत मागायची असेल तर पोस्टकार्डावर काय लिहायचं, ट्रेसिंग पेपरवर आलेख काढताना शाई फुटू नये म्हणून काय करायचं, टायपिस्टकडे प्रबंध टाकण्याआधी काय तपासायचं. फॉर्मेलिनच्या वासात, जिथे वर्षभर बेडूक कापले जायचे त्याच टेबलांवर, सगळ्यांचे डबे उघडायचे. पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावणारी मुलगी तिसऱ्या दिवशी तिथेच बसून लोणचं वाटायची.

नमुने एकेक यायचे. अंधेरीचे एक गृहस्थ प्रबंधातलं आभाराचं प्रकरण टाइप करून घेऊनच आले होते. गाइडचे आभार, बायकोचे आभार, सासऱ्यांचे तर अर्धं पान. विषय मात्र ठरायचा होता. मी म्हटलं, हे जपून ठेवा, आता एवढ्या आभारांना पुरेल असा विषय शोधू. चार वर्षांनी त्यांनी खरोखर प्रबंध दिला. मी आधी आभार उघडून पाहिले. सासरे गळले होते.

बोरिवलीचा परब रसायनशास्त्राचा. मूळ मालवणचा, कामात पक्का, पण चार माणसांपुढे उभा केला की वाचा बसायची. पीएचडीची शेवटची परीक्षा तोंडी असते. बाहेरच्या विद्यापीठाचा परीक्षक समोर बसतो आणि हे तूच केलंस का, कसं केलंस, हे खोदून खोदून विचारतो. आम्ही तिची रंगीत तालीम घ्यायचो. परीक्षक म्हणून बसवायचो आमच्या प्रयोगशाळेच्या तुकारामला. तुकाराम चौथी शिकलेला, निवृत्तीला आलेला. त्याला एकच प्रश्न दिलेला होता, "म्हणजे काय?" समोरच्याने काहीही सांगितलं की त्याने शांतपणे म्हणायचं, म्हणजे काय? भले भले पाचव्या 'म्हणजे काय'ला घामाघूम व्हायचे. परब तर दुसऱ्यालाच कोलमडला. "सर, माका सगळा येता, पण तोंडातसून भायर पडना!" असं ओरडून तो मटकन स्टुलावर बसला. तुकाराम म्हणाला, "म्हणजे काय?" सगळा वर्ग हसला, परबही हसला, आणि त्यानंतर तो बोलायला लागला.

माझा खास विषय मात्र वही. संशोधकाची वही म्हणजे त्याचा साक्षीदार. जे पाहिलं ते त्याच जागी, त्याच वेळी लिहायचं. पान फाडायचं नाही, खोडरबर वापरायचा नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. एखादी नोंद राहिली तर जागा कोरी सोडायची नाही. नोंद घेतली नाही असं लिहायचं आणि का घेतली नाही तेही लिहायचं. हे मी इतक्या तळमळीने सांगायचो, की पोरांनी मला वहीवाले सर असं नाव ठेवलं होतं. मला ते आवडायचं.

पण माझ्यात एक खोड होती. मला घाण चालत नसे. अक्षर मोत्यासारखं हवं, रकाने सरळ हवेत. म्हणून मी माझी एक पद्धत काढली होती. कच्च्या वहीतलं सगळं महिन्याच्या शेवटी पक्क्या वहीत सुवाच्य उतरवून काढायचं. वर्गात मी पक्क्या वह्या हातात धरून दाखवायचो. कच्च्या वह्यांचं पुढे काय करायचं, याबद्दल मी फारसा विचार केला नव्हता. आता मूळ गोष्टीकडे येतो.

रत्नमाला गायकवाड या वर्गातूनच माझ्याकडे आली आणि मी तिचा गाइड झालो. घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत एका खोलीत सहा माणसं राहायची. वडील विक्रोळीच्या कारखान्यात फिटर, मूळचे साताऱ्याकडचे. बाबासाहेबांच्या फोटोखाली एक फळी होती, तिच्यावर रत्नाची पुस्तकं. घरातली पहिली पदवीधर तीच. स्वभावाने सडेतोड. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "सर, तुम्ही स्वतः शेवटचे चिखलात कधी उतरलात?" मी विषय बदलला.

तिचं काम चिखलातलंच होतं. नाहूरच्या पूर्वेला, मिठागरांच्या पलीकडे खाडी आहे. ओहोटीला तिथला चिखल उघडा पडतो आणि त्यात बोटभर लांबीचे किडे राहतात. खाडीचं पाणी बिघडलं की आधी ते कमी होतात. रत्नाने बांधापासून खाडीकडे जाताना तीन ठिकाणं ठरवली होती, तिथे बांबू रोवले होते. दर पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाण असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. तेव्हाच तिसरा बांबू, अगदी पाण्याकडचा, उघडा पडायचा. लोखंडी चौकट चिखलात दाबायची, आतला चिखल खणून चाळायचा, किडे मोजायचे आणि वहीत लिहायचे. हे तिने दोन वर्षं केलं. वही पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई पाण्याने पसरते. पानांवर चिखलाची बोटं, आणि वास असा की ती वही माझ्या टेबलावर ठेवली की मी खिडकी उघडायचो.

एका मार्चमध्ये होळीच्या दिवशी पौर्णिमा आली. सकाळच्या ओहोटीला रत्नाला कॉलेजात परीक्षेची सुपरव्हिजन लागली, म्हणून ती संध्याकाळच्या ओहोटीला गेली. एकटीच. दुसऱ्या बांबूपाशी असतानाच अंधारायला लागलं आणि पाणी फिरलं. मागच्या ओढ्यातून पाणी चढताना तिला ऐकू आलं. लांबवर वस्तीत होळ्या पेटत होत्या, त्यांच्या रोखाने ती गुडघाभर चिखलातून परत आली. वहीत तिने लिहिलं, "पाणी चढलं. घाबरले. परत आले. तिसऱ्या ठिकाणची नोंद नाही."

आठ दिवसांनी ती पुन्हा गेली. पण पौर्णिमेनंतर आठ दिवसांनी भांग असतो, तेव्हा पाणी फारसं उतरत नाही. तिसरा बांबू पाण्यातच होता. म्हणून तिने त्याच्या अलीकडे वीस पावलांवर खणलं आणि तेही वहीत लिहिलं. किडे अर्थातच कमी मिळाले.

महिनाअखेरीला ती पक्की वही उतरवायला माझ्याकडे बसली होती. मी त्या पानावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "अगं, घाबरले हा काय शास्त्रीय शब्द आहे? काढ तो."

"मग काय लिहू सर?"

"काहीच नको. मिळालेला आकडा आणि तारीख टाक. महिना तोच आहे."

"आणि वीस पावलं?"

"तक्त्यात कुठे बसवणार ते? राहू दे."

तिने एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि मी सांगितलं तसं केलं. पुढे सगळं काम संपल्यावर तिने विचारलं, की कच्च्या वह्या कुठे ठेवू, घरात जागा नाही, आई वासाला वैतागली आहे. मी पक्क्या वहीवरून हात फिरवत म्हटलं, "ही असताना ती चिखलाची बाडं कशाला जपतेस? दे टाकून." पुढच्या रविवारी तिच्या आईने वह्या रद्दीवाल्याला दिल्या. रद्दीवाल्यानेही नाक मुरडलं होतं, असं रत्नाने हसत हसत सांगितलं, आणि मीही हसलो.

तोंडी परीक्षा मेमध्ये ठरली. विद्यापीठाच्या एका विभागात तेव्हा जागा निघाली होती आणि त्यांना डॉक्टरेट झालेलाच माणूस हवा होता. मुलाखती जूनमध्ये. रत्ना कॉलेजात तात्पुरत्या नेमणुकीवर, दर वर्षी पुन्हा अर्ज करायचा. ही जागा मिळाली असती तर ते संपलं असतं. ती मिळणार याची मला इतकी खात्री होती, की आदर्श परीक्षा कशी असते ते बघा म्हणून मी त्या वर्षीच्या वर्गातली सगळी पोरं मागच्या बाकांवर आणून बसवली. परीक्षा खुली असते, कुणीही बसू शकतं. तुकाराम चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभा होता. गाइड म्हणून मी परीक्षकांच्या शेजारीच बसलो होतो.

बाहेरचे परीक्षक कोकण किनाऱ्यावर वाढलेले, वयस्कर, हळू बोलणारे. तासभर सगळं छान चाललं. रत्ना झकास बोलत होती. मग त्यांनी एका तक्त्यावर बोट ठेवलं.

"बाई, ही मार्चमधली तारीख. होळी होऊन आठवडा झालेला. म्हणजे भांगाचं पाणी. तुमचं तिसरं ठिकाण त्या दिवशी उघडं पडलं कसं?"

रत्नाने शांतपणे सगळं सांगितलं. होळीची संध्याकाळ, चढलेलं पाणी, वीस पावलं.

"शक्य आहे. हे कुठे लिहिलंय?"

"कच्च्या वहीत होतं, सर."

"बघू."

"ती आता नाही."

खोलीत पंखा बंद होता, लाइट गेली होती. मागच्या बाकावर कुणीतरी पुटपुटलं, "वाट लागली, यार." परीक्षक माझ्याकडे वळले. "तुम्ही मूळ वही पाहिली होती?"

मला सगळं माहीत होतं. 'घाबरले' हा शब्द मी पाहिला होता. तो मीच काढायला लावला होता, वही मीच टाकायला सांगितली होती. एवढं बोलायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण मागे माझा अख्खा वर्ग बसला होता आणि मी वहीवाले सर होतो.

मी म्हणालो, "विद्यार्थिनीने मला पक्की वही आणून दाखवली होती."

यातला एकही शब्द खोटा नाही. इतकं नीचपणाचं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही.

रत्नाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. होळीच्या त्या पानावर मी बोट ठेवलं होतं तेव्हा जशी पाहत होती, तशीच. मग ती परीक्षकांना म्हणाली, "माझी चूक झाली. वही मी जपायला हवी होती."

परीक्षक वाईट नव्हते. त्यांनी प्रबंध नाकारला नाही. तिसऱ्या ठिकाणच्या नोंदी आणखी एक वर्ष घ्या, मूळ वहीसह पुन्हा सादर करा, असं लिहिलं. नियमाला धरून होतं आणि माझ्या मते योग्यही होतं. फक्त ते चुकीच्या माणसाच्या नावावर लिहिलं गेलं. जूनमध्ये विभागातली जागा दुसऱ्याला मिळाली.

त्यानंतर चार-आठ दिवसांत रत्नाचे वडील मला भेटायला कॉलेजात आले. कारखान्याची पाळी संपवून, हातपाय धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. खुर्चीवर बसायला तयार नव्हते.

"सर, राग मानू नका. पोरगी घरात काय बोलत न्हाई. तिचं नेमकं काय चुकलं, एवढं सांगता का? आमाला त्यातलं कळत न्हाई, पर तिला पुन्यांदा चुकू देनार न्हाई."

मी म्हटलं, "तिचं तसं काही नाही हो. नियमाचं आहे."

"बरं," ते म्हणाले, आणि मला नमस्कार करून गेले. तो नमस्कार मला आजही सोसत नाही.

रत्नाने वर्षभर पुन्हा चिखल तुडवला. मी दोनदा तिच्याबरोबर उतरलो, वही धरून उभा राहिलो, आणि तेवढ्याने मनाचं समाधान करून घेतलं. मार्चमध्ये तिने मुद्दाम भांगाच्या दिवशी, वीस पावलं अलीकडेही खणलं. आकडा जवळजवळ तोच आला. तिला पदवी मिळाली. नोकरी बोरिवलीच्या एका कॉलेजात मिळाली, घाटकोपरहून रोजचे दोन तास जाऊन आणि दोन तास येऊन.

वर्गात मी पक्क्या वहीची पद्धत बंद केली. रत्नाची या जादा वर्षाची चिखलाने माखलेली वही तिच्याकडून मागून घेतली आणि दर मेमध्ये पहिल्या दिवशी ती हातात धरून गोष्ट सांगायला लागलो. एका मुलीने कच्ची वही रद्दीत टाकली आणि तिचं एक वर्ष कसं वाया गेलं, ही गोष्ट. मी ती चांगली सांगायचो. होळ्या, चढणारं पाणी, परीक्षकांचं भांगाचं पाणी, सगळं यायचं. पोरं श्वास रोखून ऐकायची. त्या गोष्टीत गाइड नव्हता.

दशक संपत आलं तेव्हा एका वर्षी मी रत्नाला वर्गात व्याख्यानाला बोलावलं. ती वेळेआधी आली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. मी तिला पाहिलं नाही. मी गोष्ट सांगून संपवली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हा ती दिसली. तीही टाळ्या वाजवत होती.

तुकाराम तोवर निवृत्त झाला होता. त्याच्या जागी आलेल्याने चहा आणला. बाहेरच्या टेबलापाशी उभी राहून रत्ना म्हणाली, "छान सांगता सर. पोरांना उपयोग होईल."

मी म्हटलं, "रत्ना, मी..."

"पक्की वही वाटते, एवढंच." तिने कप खाली ठेवला. "कच्ची तुमच्याकडे असेल ना? की तीही रद्दीत दिली?"

आणि ती व्याख्यान द्यायला आत गेली. संशोधनातली चूक कबूल कशी करावी, हाच तिचा विषय होता. माझं नाव तिने घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला खरं सांगायला हवं होतं. सांगणारही होतो. मग त्या वर्षीचा वर्ग संपला, पुढच्या वर्षी मी ती गोष्टच गाळली, नंतरही दर वर्षी गाळत राहिलो, आणि मग माझी निवृत्ती आली.

आता एका मासिकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्या तेव्हा मी आधी परबाची आणि अंधेरीच्या सासऱ्यांची गंमत लिहून काढली. सुवाच्य, चार पानं. मग ती बाजूला ठेवली आणि रत्नाला फोन केला. तीही आता निवृत्त आहे. वडील गेल्याला बरीच वर्षं झाली. त्यांना खरं सांगायचं राहून गेलं, हे मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "मी सांगितलं होतं त्यांना. तुम्हाला भेटून आले त्याच संध्याकाळी."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, सर घाबरले असतील."

मग ती म्हणाली, "लिहा सर. फक्त तो शब्द काढू नका."

ती आठ दिवसांनी चिखलात परत गेली होती. मला पस्तीसहून जास्त वर्षं लागली. त्या दुपारची नोंद मी नियमाप्रमाणे इथे करतो.

परीक्षकांनी मूळ वहीबद्दल विचारलं. उत्तर माहीत होतं. घाबरलो. सांगितलं नाही.